सत्ताविसावा रकाना

वागादुगूच्या उपग्रह केंद्राच्या आवारात त्या सकाळी एवढ्या वस्तू होत्या: नऊ मीटर व्यासाची एक तबकडी, साडेचार मीटरच्या दोन, डिझेलची दोन जनित्रं (पैकी एक चालू), दोन व्होल्टच्या चोवीस बॅटऱ्या, तीन एसी (दोन गार, एक नुसताच गुरगुरणारा), पहारेकऱ्याच्या सहा शेळ्या आणि ट्रकमधून नुकत्याच उतरवलेल्या दोनशे सोळा प्लास्टिकच्या खुर्च्या. सोलांज लांकोआंदेनं खुर्च्या दोनदा मोजल्या, कारण ट्रकवाला दोनशे चाळीस म्हणत होता. दोन्ही वेळा दोनशे सोळाच भरल्या.

नव्हती ती एकच वस्तू, विलंब मोजायचं यंत्र. फळीवरच्या धुळीत त्याच्या जागेचा चौकोन उरला होता, चौतीस बाय बावीस सेंटीमीटर. यंत्र जाऊन चार दिवस झाले होते आणि उत्तरेचा वारा रोज थोडी थोडी वाळवंटी धूळ आणून तो चौकोन बुजवत होता. वाऱ्यालाही बहुधा वरून सूचना आल्या असाव्यात.

टेबलावर एक अर्ज होता. एक्केचाळीस रकाने, त्यांतले चाळीस सोलांजच्या अक्षरात भरलेले आणि प्रत्येकापुढं तिची सही. सत्ताविसावा तेवढा कोरा.

वागादुगू ही इकडची राजधानी, न्यामे शेजारच्या देशाची; मधे रस्त्यानं पाचशे किलोमीटर. पहाटेच्या बसनं निघालेला माणूस रात्रीच्या जेवणाला तिथं पोचतो. पण माणसाचा आवाज न्यामेला जायचा तर तो आधी युरोपात जाई, तिथल्या एका इमारतीत हजेरी लावी आणि मग उलट फिरून शेजारच्या देशात उतरे. शेजारणीकडं चिमूटभर मीठ मागायला सात समुद्रांपलीकडच्या पाटलाचा परवाना काढावा, तसला प्रकार. हा द्राविडी प्राणायाम थांबावा म्हणून एकोणतीस देशांच्या टेलिफोन कंपन्यांनी मिळून एक महासंघ काढला. महासंघानं सतरा वर्षं बैठका घेतल्या. त्या सतरा वर्षांच्या जेवणावळींनी गिनी कोंबड्यांची संख्या खंडभर घटली असावी. अखेर खरोखरच एक उपग्रह आकाशात गेला आणि आता त्याचं उद्घाटन होतं.

उद्घाटन म्हटलं की कापड छापायचं, हा इथला रिवाज. निळ्या सुती कापडावर पिवळा उपग्रह आणि खाली ओळ: ‘खंडाचा आवाज, थेट खंडाच्या कानात.’ मंत्र्यांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांनी त्याच कापडाचे सदरे आणि झगे शिवून घेतले होते. कापडावरच्या उपग्रहानं पृथ्वीकडं पाठ केली होती. सोलांजनं ही चूक छपाईच्या आधी दाखवली होती. तिला सांगण्यात आलं होतं की उपग्रहाला पुढं आणि मागं असतं हे लोकांना कळत नाही.

सोलांज सव्वीस वर्षांची, फादा गावची. विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकून आठ महिन्यांपूर्वी केंद्रावर लागलेली. काम एकच, नवीन जाळ्याची मापं घ्यायची आणि अर्जात लिहायची. अर्जाचा नियम कडक होता. ज्यानं मोजलं त्यानंच लिहायचं आणि त्यानंच सही करायची. सत्ताविसाव्या रकान्याचं नाव होतं ‘एकेरी विलंब’ आणि अट होती तीनशे मिलिसेकंदांच्या आत. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर उंचावर. आवाजाला एकदा वर जाऊन खाली यायला पाव सेकंद आणि वर थोडा वेळ लागतो, त्याला कुणाचा इलाज नाही. पण दोनदा वर, दोनदा खाली करावं लागलं तर अर्धा सेकंद उलटून जातो. म्हणजे हा एकच आकडा सांगणार होता, की आवाज थेट न्यामेला जातोय की अजून युरोपातल्या त्याच इमारतीत मुजरा करून मग जातोय.

सोलांजनं पाच दिवस मोजलं. दोनशे मापं घेतली. सगळी पाचशे अडतीस ते पाचशे शेहेचाळीसच्या मध्ये आली.

ती मापं घेऊन ती प्रकल्पप्रमुखाकडं गेली. आन्सेल्म बातियोनो हा अकरा वर्षं परदेशातल्या बैठकांना बसून आलेला माणूस. बैठकांना बसण्याची त्याला इतकी सवय झाली होती, की उभा असतानाही तो बसल्यासारखा दिसे. त्यानं कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि यंत्र बिघडलंय असा निकाल दिला. दुसऱ्या दिवशी यंत्र खोक्यात बंद होऊन तपासणीला रवाना झालं. कुणाकडं, तर ज्या परदेशी कंत्राटदार कंपनीनं हे जाळं उभारलं होतं तिच्याकडं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

खरी गोष्ट साधी होती. सगळे कॉल आपल्याच इमारतीतून फिरवणं कंत्राटदाराला सोपं पडलं होतं. थेट जोडणी करायची तर एकोणतीस केंद्रांमधली यंत्रं बदलावी लागली असती. तेव्हा त्यांनी आकाश आपल्याला दिलं आणि किल्ली स्वतःकडं ठेवली. आता सत्ताविसावा रकाना भरून सही झाली, की करारानुसार कंत्राटदार मोकळा. उपग्रहाचं आयुष्य पंधरा वर्षांचं. पंधरा वर्षं शेजाऱ्याला हाक मारायची ती युरोपच्या खिडकीतून, आणि तक्रार करायची सोय नाही, कारण कागदावर सगळं थेट. उलट खरा आकडा लिहिला गेला, तर बदल कंत्राटदारालाच करून द्यावा लागला असता.

“दोनशे सत्तर,” बातियोनो तिला म्हणाला होता. “गणितानं तेवढंच येतं ना?”

“ते एका उडीचं गणित आहे, साहेब. आपल्या दोन उड्या होतायत.”

“कुणी पाहिल्या?”

“यंत्रानं.”

“कुठंय यंत्र?”

सोलांजनं अर्जातल्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, “गणित लिहायचं तर रकान्याचं नाव ‘अपेक्षा’ पाहिजे होतं. इथं ‘मापन’ लिहिलंय.”

बातियोनोनं टेबलाचा वरचा खण उघडला. आत एक पत्र होतं, तिची नेमणूक पुढं चालू ठेवल्याचं. सही झालेलं, शिक्का मारलेलं, फक्त द्यायचं बाकी. तिचा करार समारंभाच्याच दिवशी संपत होता. त्यानं पत्र तिला नीट वाचू दिलं आणि खण बंद केला. समारंभ झाला की पाच वाजता अर्ज माझ्या टेबलावर पाहिजे, एवढंच तो बोलला. बाकीचं खणानं सांगितलं.

समारंभाच्या आदल्या दुपारी सोलांजनं कामाच्या तारेवरून न्यामेला फोन लावला. केंद्राकेंद्रांतल्या माणसांनी आपसांत बोलावं म्हणून एक वेगळी तार असते, तीही याच जाळ्यातून जाणारी. पलीकडं तिच्यासारखंच काम करणारा हालिदू सुमाना होता. सोलांज गुरमा आणि हालिदू झारमा. या दोन जमातींत थट्टेचं नातं आहे. गुरमानं झारमाला गुलाम म्हणायचं, झारमानं गुरमाला गुलाम म्हणायचं. बाजारात, लग्नात, अगदी मयतालाही. राग धरायचा नाही आणि उत्तर ताबडतोब द्यायचं, समोरच्याचं तोंड मिटायच्या आत. उशीर झाला की हरलात. या नात्याचा दुसरा अर्धा भाग असा, की थट्टेच्या भावंडानं काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणाऱ्याचं पोट दुखतं, असं म्हातारे सांगतात.

“कोण? पळून गेलेली माझी गुलाम का?” हालिदू म्हणाला. “घरी ये, मालकाच्या शेळ्या उपाशी आहेत.”

“शेळ्यांना तुझी टोपी घाल खायला. तिच्या आत तसंही काही नसतं.”

पण तिचं वाक्य पोचायच्या आधीच हालिदू सुरू झाला होता. बघ, किती वेळ लागतो उत्तर द्यायला, गुरमाचं डोकं म्हणजे ओल्या लाकडांची चूल. मग तिचं वाक्य त्याच्या वाक्यावर आदळलं, दोघं थांबले, दोघं पुन्हा एकदम बोलले. आठ महिने हे असंच चाललं होतं. जुन्या लायनीवरही असंच आणि या थेट लायनीवरही. प्रत्येक वेळी दोघंही स्वतःला विजयी जाहीर करत, कारण दोघांनाही दुसरा मंद वाटे.

सोलांज मध्येच थांबली. यंत्र नसलं म्हणून काय झालं? कॉलेजच्या पहिल्या वर्षी त्यांनी भिंतीसमोर टाळ्या वाजवून ध्वनीचा वेग काढला होता. टाळी वाजवायची, प्रतिध्वनी ऐकायचा आणि पुढची टाळी बरोबर त्या प्रतिध्वनीवर टाकायची. असं पन्नास वेळा करायचं आणि एकूण वेळेला पन्नासनं भागायचं. ते जाण्या-येण्याचं, एकेरी त्याच्या निम्मं. आता भिंत तेवढी हवी होती, न्यामेत उभी केलेली.

तिनं हालिदूला सांगितलं, येणारी तार जाणाऱ्या तारेला जोड, म्हणजे माझा आवाज मलाच परत येईल. त्यानं आधी कुरकुर केली. समारंभापर्यंत लायनीला हात लावायचा नाही, अशी ताकीद वागादुगूहूनच आली होती, बातियोनोच्या सहीनं.

“थट्टेच्या बहिणीला नाही म्हणतोस?”

पलीकडून उसासा आला, एक सेकंद उशिरानं. मग तार जोडली गेली. सोलांजनं रिसीव्हरवर पेन्सिलीचा एक ठोका मारला. तो परत आला. तिनं घड्याळ हातात घेतलं, दुसरा ठोका मारला आणि खांद्यावरून एक हात पुढं आला. हातानं फोन बंद केला. हात बातियोनोचा होता. त्यानं कामाच्या तारेचा रिसीव्हर मुळापासून उपटला आणि काखेत मारून आपल्या खोलीत नेला, वांड मुलाच्या हातचा चेंडू काढून घ्यावा तसा.

समारंभाची आखणी बातियोनोनं स्वतः केली होती आणि ती पाहून सोलांजला नाइलाजानं त्याचं कौतुक वाटलं. पहिला कॉल मंत्र्यांनी करावा असं ठरत होतं, ते त्यानं मोडून काढलं. मंत्री प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट पाहतात. त्याऐवजी दोन्ही देशांतले दोन निवृत्त ऑपरेटर बोलतील, म्हणजे जुन्या काळाचा सन्मानही होईल. प्रत्येकाला एक छापील पान. आधी एकानं वाचायचं, मग दुसऱ्यानं. नमस्कार-विचारपूस अजिबात नाही. इकडं नुसती विचारपूस म्हणजे घर कसं, बायको कशी, पोरं कशी, थंडी कशी, काम कसं, आणि प्रत्येकाला ‘बरंय’ असं लगेच उत्तर. एवढ्या सवाल-जवाबात मधल्या विलंबाचा खड्डा आंधळ्यालाही दिसला असता. म्हणून विचारपूस बाद. विलंब कसा लपवायचा हे या माणसाला चांगलं कळत होतं. म्हणजे विलंब आहे हेही चांगलंच कळत होतं.

एकच गोष्ट त्यानं हिशेबात धरली नाही. वागादुगूचा ऑपरेटर होता बारनाबे वोबा, फादाचा गुरमा. न्यामेचा होता इद्रिसा सान्दा, झारमा. बातियोनोनं दोघांची नावं वाचली नव्हती असं नाही. पण परदेशात अकरा वर्षं काढल्यावर थट्टेचं नातं ही त्याला बाजारातल्या बायकांची करमणूक वाटू लागली होती. मंत्र्यांसमोर, छापील पान हातात असताना, सत्तरीतली माणसं असलं काही करणार नाहीत, अशी त्याची खात्री होती. शिकून आलेल्या माणसाच्या चुका अशाच असतात. त्या करायलाही शिक्षण लागतं.

समारंभ दुपारी दोनला सुरू झाला, म्हणजे सव्वातीनला. मंत्री आले, निळ्या कापडात. भाषणं झाली, त्यांत ‘थेट’ हा शब्द सोलांजनं एकतीस वेळा मोजला. अंबाडीच्या फुलांचं लाल सरबत फिरलं. फादाहून आलेलं ढोलपथक एका बाजूला घामेजून उभं होतं. कडुलिंबाच्या दोन झाडांवर दोन कर्णे बांधले होते आणि फोनवरचा शब्द न् शब्द त्यांतून सगळ्यांना ऐकू येणार होता. पलीकडं न्यामेला लायनीपाशी हालिदूची नेमणूक होती. सोलांजचं काम होतं म्हाताऱ्याच्या हाती रिसीव्हर द्यायचं आणि बाजूला शोभेला उभं राहायचं.

वोबा आजोबा एकाहत्तर वर्षांचे. एकतीस वर्षं टेलिफोनच्या खात्यात बसून त्यांनी माणसांना माणसांशी जोडलं होतं. उजव्या हातात चांदीची जाड अंगठी. त्यांनी चष्मा लावला, पानावर बोट ठेवलं आणि शाळेतल्या मुलासारखं वाचायला सुरुवात केली. “मी, बारनाबे वोबा, निवृत्त ऑपरेटर, वागादुगू शहरातून, आपल्या खंडाच्या स्वतःच्या उपग्रहाद्वारे...”

चार ओळी झाल्या आणि कडुलिंबातून आवाज आला.

“वोबा? फादाचा वोबा? अरे, एवढं महागाचं यंत्र गुलामाच्या हातात दिलं कुणी?”

खुर्च्यांवर हशा उसळला. मंत्री तर मांडीवर थाप मारून हसले. शेवटच्या रांगेत बातियोनोच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र बंद पडलेल्या पंख्यासारखं जिथल्या तिथं राहिलं. वोबा आजोबांनी पान खाली ठेवलं. चष्मा काढून खिशात घातला. आता वाचायचं काही नव्हतं.

“यंत्र मालकाच्याच हातात असतं, इद्रिसा. तू नुसतं कान लावून उभा राहा. तुझ्या बापानं माझ्या बापाकडं तेवढंच काम केलं.”

पुन्हा हशा. पण पलीकडच्या म्हाताऱ्याला हे पोचायला वेळ लागला आणि तेवढ्यात त्यानं पुढचा टोला हाणला, गुरमाला उत्तर सुचेपर्यंत बाजरी पिकते असा. मग आजोबांचं उत्तर त्याच्यापर्यंत पोचलं, तो हसला, बोलू लागला, त्याच वेळी इकडून आजोबाही बोलू लागले. दोघं आदळले, दोघं थांबले. दोघांनी दुसऱ्याला वाट दिली. दोघांनी ती एकदमच घेतली. चौथ्यांदा असं झालं तेव्हा हसण्याचा सूर बदलला. मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी म्हणालं, आजोबा थकले आता, बसवा त्यांना.

हे वोबा आजोबांना लागलं. थट्टेत मागं पडणं आणि तेही झारमाच्या. त्यांनी हात वर केला. रिसीव्हर कानाशी घट्ट धरून ते काही न बोलता ऐकत राहिले. मग सोलांजकडं वळले, पण रिसीव्हर तोंडाशीच राहिला, त्यामुळं पुढचं सगळं कडुलिंबांनी गावाला सांगितलं.

“पोरी, हे नवीन आहे म्हणालीस ना?”

“हो, आजोबा.”

“थेट?”

“भाषणात तसं म्हणाले.”

“मग हा खड्डा इथं कसा? याच खड्ड्यात मी एकतीस वर्षं काढली. हा युरोपचा खड्डा आहे. मी त्याला अंधारातही ओळखीन.”

बातियोनो उठला. त्यानं ढोलपथकाला हातानं खूण केली. ढोल सुरू झाले, आणि मंत्र्यांनी लगेच हात हलवून ते बंद करवले. त्यांना थट्टा ऐकायची होती. त्यांच्या मते आज दुपारपासून ऐकण्यासारखं हे पहिलंच काही चाललं होतं. बातियोनो तसाच पुढं यायला निघाला. मधे दोनशे सोळा खुर्च्या होत्या, किमान अडीच मिनिटांची वाट.

सोलांज रिसीव्हरकडं वाकली.

“हालिदू, झारमाच्या पोरा, झोपलायस का? काल मागितलं ते अर्धवट दिलंस. तुमच्यात दानही हप्त्यानं करतात वाटतं.”

लोक हसले. मुलगीही थट्टेत उतरली म्हणून पथकातल्या बायकांनी जिभेनं लांब किलकारी दिली. बोलली त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही, कारण थट्टेत वावगं असं काही नसतंच. बातियोनोला मात्र कळलं. तो तिसऱ्या रांगेपर्यंत पोचला होता. पण थट्टेच्या मधे शिरून ती थांबवायची, हे मंत्र्यांसमोर तर सोडाच, दारुड्यांच्या घोळक्यातही कुणी करत नाही. तो तिथंच उभा राहिला.

पलीकडून काही उत्तर आलं नाही. वोबा आजोबा थोडे थांबले आणि फोनमध्ये म्हणाले, “इद्रिसा, गेलास का पळून, गुलामा?”

एका सेकंदानं कडुलिंबातून त्यांचाच आवाज त्यांना म्हणाला, “इद्रिसा, गेलास का पळून, गुलामा?”

आवार हसून फुटायचं बाकी राहिलं. आजोबा हसले नाहीत. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मात्र मोकळ्या झाल्या.

“तार उलटी जोडली कुणीतरी,” ते म्हणाले. “शहाणं आहे पोरगं.”

एकतीस वर्षं रोज सकाळी लायनी तपासताना ते हेच करायचे. पलीकडचा तार उलटी जोडायचा आणि हे अंगठीनं ठोके द्यायचे. सोलांजनं खिशातून घड्याळ काढलं. ते त्यांनी पाहिलं आणि विचारलं, किती हवेत? ती म्हणाली, पन्नास, आणि पहिला शून्य धरायचा. त्यांनी मान डोलावली, जणू रोजचंच काम. मग चांदीची अंगठी रिसीव्हरच्या काठावर आपटली. टक्. ठोका वर गेला, युरोपात उतरला, पुन्हा वर गेला, न्यामेत पोचला, त्याच वाटेनं उलट निघाला. तो परत कानात पडला त्याच क्षणी अंगठी पुन्हा आपटली. मग पुन्हा. एकतीस वर्षांचा हात होता, केसभर हलत नव्हता. सोलांजनं तीन ठोके लय पकडली आणि चौथ्याला शून्य म्हणून घड्याळाची कळ दाबली.

दहाव्या ठोक्याला ढोलपथकातल्या एका माणसानं ताल उचलला, बोटांनी, हलकेच. पंधराव्याला बायकांनी टाळ्या धरल्या. फादाच्या माणसाला स्थिर ठोका ऐकवून स्वस्थ बसवणं शक्य नाही. विसाव्याला सगळ्या खुर्च्या वाजू लागल्या आणि पंचविसाव्याला मंत्र्यांनी सरबताचा पेला खाली ठेवून टाळ्या धरल्या. आजोबांनी एक कान बोटानं बंद केला आणि रिसीव्हर दुसऱ्या कानात रुतवला. मंत्री वाजवतायत म्हटल्यावर त्यांचे सचिव वाजवू लागले, आणि सचिव वाजवतायत म्हटल्यावर तिसऱ्या रांगेत उभा असलेला बातियोनोही टाळ्या वाजवू लागला. त्याचाही ताल चुकला नाही. आपण लपवलेला आकडा तो स्वतःच्या दोन हातांनी, दोनशे माणसांसमोर, एकेक करून मोजून देत होता.

पन्नास. सोलांजनं कळ दाबली. चोपन्न सेकंद आणि दोन दशांश.

पुढं समारंभ ठरल्यासारखा झाला. मंत्र्यांनी फीत कापली. हालिदूनं तार सरळ केली आणि इद्रिसा सान्दानं आपलं पान वाचून दाखवलं, कुणीही न ऐकलेलं. मंत्री निघताना बातियोनोचा हात दाबून म्हणाले, की टाळ्यांचा तो कार्यक्रम फार कल्पक होता, पुढच्या देशातल्या उद्घाटनातही ठेवा. बातियोनोनं आभार मानले.

वोबा आजोबांना गाडीपर्यंत पोचवायला सोलांज गेली. त्यांनी विचारलं, किती आले? तिनं सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या वेळेला याहून थोडे कमीच यायचे. मग गाडीत बसले आणि काच वर करता करता तिला बजावलं, की झारमाचे उपकार घेतलेस, आता तो जन्मभर छळणार.

पाच वाजता ती बातियोनोच्या खोलीत गेली. टेबलावर कामाच्या तारेचा रिसीव्हर पडलेला होता, शेजारी तिचं पत्र, खणातून बाहेर काढलेलं. बातियोनोचा आवाज मऊ होता. आज सगळं छान पार पडलं, मंत्री खूश आहेत, लोक खूश आहेत, असं तो म्हणाला. ढोलाच्या तालावर कुणी विज्ञान करत नाही. तो आकडा कुठल्याही समितीपुढं एक दिवस टिकायचा नाही. दोनशे सत्तर लिहायचं, सही करायची, पत्र घ्यायचं आणि सोमवारी कामावर यायचं. त्यानं पत्र तिच्याकडं दोन बोटं सरकवलं.

“यंत्र परत आलं की मी पुन्हा मोजीन,” सोलांज म्हणाली. “तोवर हे मोजलेलं आहे.”

“यंत्र परत येणार नाही.”

“माहितीये.”

तिनं अर्ज टेबलावर ठेवला. खाली कार्बन आणि आणखी तीन प्रती: एक महासंघाची, एक कंत्राटदाराची, एक मोजणाऱ्याची. पेन कार्बनमधून खालपर्यंत उमटावं म्हणून तिनं जरा दाबून लिहिलं. तारीख घातली. सही केली. बातियोनोनं ते उलट्या बाजूनं वाचलं, पत्र उचललं, खणात ठेवलं आणि किल्ली फिरवली. सोलांजनं चौथी प्रत घडी घालून पिशवीत टाकली.

रकाना सत्तावीस. एकेरी विलंब: ५४२ मिलिसेकंद. ठोके: ५०. एकूण वेळ: ५४.२ सेकंद. संभाव्य चूक: २ मिलिसेकंद. साधनं: अंगठी एक, घड्याळ एक.